ड्राय सोल्डर

कर्णिक रेडिओ घेऊन आला तो लहान मुलाच्या दुपट्यात गुंडाळून.
किसननगरचे तीन जिने चढून, उंबऱ्यातच टेकून म्हणाला,
"मावशी, कळंबोलीच्या भंगारात सापडला. चार वर्षं शोधत होतो.
फियाट बाहत्तरची. तिच्यात कंपनीतून यायचा तो हाच,
पाच बटणं, दोन पांढरे नॉब, मधे डायल."

आधीच्या मालकानं डॅशबोर्ड कापून कॅसेटवाला बसवलेला.
तो पत्रा यानं भिवंडीहून दुसरा आणला,
नॉबखालच्या दोन चकत्या मुरबाडहून.
मुलीला स्थळं बघत फिरावं
तसा हा फिरलाय एका रेडिओसाठी.

माझा पत्ता कुणी दिला?
"बावीस नंबर रोडवरचा वाइंडिंगवाला.
म्हणाला, त्या कंपनीतली एक बाई अजून आहे."
अजून आहे, म्हणाला. बरं.

कंपनी पोखरण रोडला होती. आता तिथे टॉवर.
आमचं इन्स्पेक्शनचं टेबल होतं तिथे,
माझ्या हिशोबानं,
पोहायचा तलाव आहे.

चार स्क्रू. झाकण निघालं.
आत लाल धूळ, एक वाळका मुंगळा,
आणि कॉइलच्या मेणावर हिरवा ठिपका.

तो माझा.
तिघी तपासनीस होतो, तिघींचे रंग वेगळे,
नेलपॉलिशच्या बाटल्या आम्ही स्टेशनजवळून घ्यायचो.
हिरवा म्हणजे: मी ऐकलं, ठीक आहे, पाठवा.

ठिपक्याशेजारी कंडेन्सरचा एक पाय.
चांगला डाख कसा, चमकतो.
हा राखाडी, चहावर साय धरावी तसा.
काडीनं हलवला, हलला.

मी विचारलं, "डाव्या नॉबपाशी क्रोम गेलंय का?"
त्यानं पुसून पाहिलं. गेलं होतं. अंगठ्याएवढं.
कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे दाबून धरत असणार,
घाटात, सिग्नलला, बायको म्हणाली की,
दाबलं की लागायचा, सोडलं की जायचा.

"मावशी, शक्यतो काही बदलू नका. सगळं ओरिजिनल हवं."
मला हसू आलं.
अरे, हा बिघाडही ओरिजिनलच आहे,
कंपनीतून आलेला.

रेजिना मिस्किटाचा हात. लगेच ओळखला,
पाय डावीकडे मुडपायची सवय तिचीच.
तिचे डाख म्हणजे ओळीनं मांडलेले मोती.
फक्त त्या एका उन्हाळ्यात बिघडले.
हात कापायचा. का, ते मी विचारलं नाही.
परत पाठवले असते तर सुपरवायझरनं नाव लिहिलं असतं.
मी हेडफोन लावायचे, खरखर ऐकायचे,
आणि हिरवा ठिपका द्यायचे.
किती दिले, मोजले नाहीत.
पावसाळ्याआधी ती यायची बंद झाली.

इस्त्री तापवली. आमच्यात सोल्डरिंगच्या बंदुकीला
इस्त्रीच म्हणायचे.
थोडी राळ, तिचा तो वास.
नवीन शिसं घातलं नाही. तिचंच होतं ते वितळवलं,
ते क्षणभर पाण्यासारखं झालं,
मग फुंकर न घालता
आपोआप निवू दिलं.

खाली गाडीत बसवताना गुडघ्यांनी त्रास दिला.
डायनॅमोला कंडेन्सर, फ्यूज, एरियल.
बारीक आवाजाचं स्टेशन धरून
ट्रिमरचा स्क्रू केसभर फिरवायचा, केसभर मागे,
हे कर्णिकला जमेना. माझ्या बोटांना आठवत होतं.

आधी नुसती भुणभुण:
सोसायटीची लिफ्ट, जिन्यातले नवे दिवे.
मग त्यातून एक माणूस
जिल्हावार तापमान सांगू लागला.
परभणी. हिंगोली. नांदेड.
कर्णिक असा ऐकत होता
जणू तिथे त्याचं कुणी राहतं.

आणि त्याचा अंगठा, कुणी न सांगता,
त्या उडालेल्या क्रोमवर.

हात काढ, म्हटलं.
त्यानं काढला. लातूर, म्हणाला रेडिओ. उस्मानाबाद म्हणायचा
तिथे धाराशिव म्हणाला.

पाकीट काढून कर्णिकनं विचारलं, किती द्यायचे.
मी सांगितलं,
वॉरंटीतलं काम आहे.